ब्रेकबाईंची बोट

"मला जोरात पळणारी बोट हवी आहे," ब्रेकबाई म्हणाल्या, "आणि खेळणं नकोय."

खेळण्यांच्या दुकानात उभं राहून कोणी असं म्हणावं म्हणजे कमालच झाली. पण दुकानदाराने आधी तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती, त्यामुळे गिऱ्हाईक काय बोलतं याचं त्याला फारसं काही वाटत नसे. त्याने एवढंच विचारलं, "नातवंडासाठी का?"

"माझ्यासाठी. छप्पन्न वर्षांच्या बाईला चालेल अशी दाखवा."

बाईंचं खरं नाव लायसन्सवर होतं आणि ते तिथेच राहिलं होतं. गेली सव्वीस वर्षं त्या गाडी शिकवत होत्या. शिकणारा स्टेअरिंगवर आणि बाई शेजारच्या सीटवर, पायाशी दुसरा ब्रेक. शिकणाऱ्याची तारांबळ उडाली की बाईंचा पाय पडलाच म्हणून समजा. म्हणून पोरापोरींनी त्यांचं नाव ब्रेकबाई ठेवलं. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

दुकानदाराने तीन बोटी काउंटरवर मांडल्या. एक लालभडक, दोन बुडांची, दिसायला झकास. "ही सगळ्यांत पळते, पण उलटली की उलटीच राहते. मग पाण्यात उतरा आणि आणा." दुसरी पाण्याचा फवारा मागे फेकून पळणारी. तिसरी निळी, हातभर लांब, खालचा तळ मधोमध धारेसारखा खोल. "ही जरा साधी आहे, पण लाट कापत सरळ जाते. उलटली तर आपोआप सुलटी होते. पहिली बोट म्हणून हीच घ्या असं मी सांगेन. आत साधी मोटर आहे, पुढेमागे चांगली बसवता येते. सुकाणू, पंखा, बॅटरी, सगळं बदलता येतं. आधी मात्र महिनाभर आहे तशी चालवा."

"माझ्याकडे महिनाच आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी रिमोट हातात घेऊन पाहिला. पिस्तुलासारखी मूठ, बोटाशी चाप, बाजूला लहानसं चाक. चाप ओढला की वेग, चाक फिरवलं की वळण. "आणि थांबवायची कशी?"

"चाप सोडायचा. थांबते आपोआप."

"ब्रेक?"

"पाण्यात कसला आलाय ब्रेक, बाई?"

बाईंनी रिमोट काउंटरवर ठेवला. मग म्हणाल्या, "निळी बांधून द्या."

आता हे बोटीचं खूळ आलं कुठून, ते सांगायला हवं. पाच महिन्यांपूर्वी पाऊस पडून गेलेल्या एका सकाळी बाई एका नर्सला गाडी शिकवत होत्या. मुलगी चांगली, हात स्थिर. दवाखान्याची नोकरी, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची. दोन बस बदलून जीव मेटाकुटीला यायचा, म्हणून तिला गाडी शिकायची होती. उताराच्या वळणावर गाडी जरा जोरात आली, मुलीने स्टेअरिंग फिरवलं, बाईंनी ब्रेक दाबला, आणि गाडी वळलीच नाही. सरळ गेली ती दगडी भिंतीवर. मुलीचं गळ्याचं हाड मोडलं. बाईंना खरचटलंसुद्धा नाही, आणि हेच त्यांना सगळ्यांत जास्त लागलं.

चौकशी झाली. रस्ता ओला होता, कोणाचा दोष नाही, असा कागद आला. सगळे म्हणाले, बाई, तुम्ही करायचं ते केलंत. पण बाईंच्या डोक्यात एकच किडा वळवळत राहिला: पाय उशिरा पडला. वय झालं, पाय मंदावला. दुरुस्त होऊन आलेली गाडी त्यांनी आच्छादन घालून दारात उभी केली आणि तिच्याकडे पाठ करून चहा प्यायला लागल्या. पलीकडच्या पेठेतल्या एका ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने गाडी विकत मागितली. महिनाअखेरच्या रविवारी दहा वाजता नेतो म्हणाला. बाई हो म्हणून बसल्या.

हो म्हटलं खरं, पण त्या रात्री जेवण गेलं नाही. गाडी गेली की आपण संपलो, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. आणि गाडीत बसायचं म्हटलं की हातपाय गार पडत होते. तेव्हा त्यांनी स्वतःलाच परीक्षा लावली. त्यांचा जुना नियम होता: मैदानावर दहा वेळा बिनचूक आठचा आकडा काढल्याशिवाय कोणाही शिकाऊला लायसन्सच्या चाचणीला पाठवायचं नाही. तोच नियम आता स्वतःला. वेगाची वस्तू आपल्या हाताने चालवायची, दहा आठ काढायचे, कुठेही न धडकता. जमलं तर गाडी ठेवायची, नाही जमलं तर जाऊ द्यायची. आणि वस्तू बोटच का? तर धडकली तरी कोणाचं हाड मोडणार नाही म्हणून. पाण्यावरून कोणी चालत जात नाही.

"डोकं फिरलंय तुझं," ताई म्हणाली. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. दोघी बिनलग्नाच्या, एकाच घरात राहायच्या. ताईच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. महिनाभर काळा चष्मा, वाचायचं नाही, टीव्ही नाही, शिवण नाही. त्यामुळे तिला तोंडाशिवाय दुसरं काही चालवता येत नव्हतं.

"फिरलंय तर फिरू दे," बाई म्हणाल्या. "तूही चल. घरात बसून माझंच डोकं खाशील."

बागेतलं तळं घरापासून पाच मिनिटांवर. गोल, चारी बाजूंनी सिमेंटचा काठ, सकाळी साडेसहाला चिटपाखरू नाही. बाईंनी दोन रिकाम्या बाटल्यांना दोरीने दगड बांधून त्या पाण्यात तरंगत ठेवल्या. दोन बाटल्यांभोवती एक आठ. ताई बाकावर चष्मा लावून बसली. बाईंनी बोट पाण्यात सोडली आणि चाप ओढला.

बोट अशी सुसाट निघाली की बाईंच्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं. पहिली बाटली आली, बाईंनी चाक फिरवलं, आणि बोट बाटलीला वळसा न घालता नाकासमोर जाऊन काठावर आपटली. त्याच वेळी बाईंचा उजवा पाय फाटकन जमिनीवर पडला. ब्रेक दाबायला.

"काय पडलं गं?" ताईने विचारलं.

"काही नाही. माझा पाय."

पहिल्या आठवड्यात बोट किती वेळा काठावर आपटली हे विचारू नका. नाकाचा रंग गेला, मग नाकच चेमटलं. प्रत्येक वेळी पाय जमिनीवर, फाट. तळ्याकाठच्या एका जागी गवत पार झोपलं. पण बाई हटणाऱ्यातल्या नव्हत्या. रोज साडेसहाला हजर. घरी आल्यावर बोट पुसायची, आतलं पाणी काढायचं, पंख्याच्या दांड्याला ग्रीस लावायचं, बॅटरी चार्जिंगला ठेवून शेजारी पहारा द्यायचा. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला बोट आणि दुसऱ्या बाजूला ताई, अशी पंगत बसायची.

"दोष सुकाणूचा आहे," बाईंनी दुकानात जाऊन जाहीर केलं. "नखाएवढं सुकाणू, ते काय वळवणार?"

दुकानदाराने भिंग लावून सुकाणू पाहिलं. ठीकच होतं. पण गिऱ्हाईक हट्टाला पेटलेलं. त्याने धातूचं, जरा लांब पात्याचं सुकाणू दिलं आणि बसवायचं कसं ते दाखवलं. बाईंनी सगळं घरी स्वतः केलं, स्क्रू सुटू नयेत म्हणून त्यावर थेंबभर गोंद टाकला, सुकाणू मधोमध येतंय की नाही ते तीनतीनदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी बोट आपटली.

मग बॅटरी. जुनी लवकर दमते, ऐन वळणावर ताकद कमी पडते, असा बाईंचा तर्क. नवी हलकी बॅटरी आली. बोट आणखी पळाली आणि आणखी जोरात आपटली. मग मोटर. साधी काढून जास्त ताकदीची ब्रशलेस बसवली. ती तापू नये म्हणून तिच्याभोवती पाण्याची नळी गुंडाळलेली, तळ्याचंच पाणी एका बाजूने आत येणार आणि दुसऱ्या बाजूने पिचकारीसारखं बाहेर पडणार. नव्या मोटरच्या ताकदीला तिला वीज पुरवणारा जुना स्पीड कंट्रोलर पुरेना, तोही बदलला. ज्या दिवशी हे सगळं जुळलं त्या दिवशी बाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. बोट पाण्याला जेमतेम शिवत होती. ताईसुद्धा म्हणाली, "आवाज तर झकास येतोय."

आणि पुढच्या वळणावर नाक फुटलं. नुसतं चेमटलं नाही, फुटलं.

महिन्याचे आठ दिवस उरले होते. बाई फुटकी बोट घेऊन दुकानात गेल्या आणि म्हणाल्या, "आता पंखा बदलू या."

दुकानदाराने बोट हातात घेतली, फिरवून पाहिली, खाली ठेवली. "बाई, नाक मी जोडून देतो. पण पंखा विकणार नाही. या बोटीत आता काही खोट नाही. माझ्याकडे येणाऱ्या बोटींत हिच्याइतकी नीट जुळलेली दुसरी नाही. कुठे घोडं पेंड खातंय ते मला कळत नाही, पण बोटीत नाही एवढं कळतं."

बाईंना राग आला. बोटीत खोट नाही म्हणजे खोट कोणात, हे कळायला काही फार अक्कल लागत नव्हती. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या स्वतःचा उजवा पाय दाबत राहिल्या. मंद झालाय, दुसरं काय.

नाक जोडून आलं. बुधवारी सकाळी पुन्हा तळं, पुन्हा बाटल्या. बोट निघाली, बाटली आली, बोट आपटली. फाट.

"एक विचारू?" ताई बाकावरून म्हणाली.

"नको."

"तुझी बोट आधी गप्प होते आणि मग आपटते. असं का?"

बाई वळल्या. "म्हणजे?"

"मला काय दिसतंय? काळ्याशिवाय काही नाही. मी बसते ऐकत. लांब असते तेव्हा घूंऽ चालू असतं. मग एकदम गप्प. मग ठप्प. मग तुझा पाय. रोज याच क्रमाने. मला वाटायचं, वळताना गप्पच होत असेल ती."

बाई रिमोटकडे बघत उभ्या राहिल्या. वळण आलं की त्यांचं बोट चापावरून निघत होतं. आपोआप. सव्वीस वर्षं प्रत्येक शिकाऊला पहिल्या दिवशी त्यांनी हेच सांगितलं होतं: गडबडलात की अॅक्सिलरेटरवरून पाय काढा. आणि इथे पंखा थांबला की सुकाणूवर पाणीच येत नव्हतं. लांब पात्याचं असो नाहीतर नखाएवढं, ते नुसतंच फिरत होतं. बोटीला वळायचं असेल तर तिला ताकद हवी होती. नेमकी तीच त्या काढून घेत होत्या.

कळलं, पण बोट ऐकेना. हातातलं बोट, पाण्यातली नव्हे. चाप धरून ठेवायचा असं शंभरदा घोकलं तरी वळण दिसताच ते उघडायचं. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी बाईंनी तोंडाने मोठ्याने म्हणायला सुरुवात केली: कमी कर, सोडू नकोस. कमी कर, सोडू नकोस. शिकाऊला सांगतात तसं. आणि एका वळणाला चाप अर्धा राहिला, चाक फिरलं, आणि बोट बाटलीभोवती अलगद वळून परत त्यांच्या दिशेने आली.

बाईंनी पुढचं वळण घेतलंच नाही. बोट काठाशी आणून थांबवली आणि बाकावर ताईच्या शेजारी येऊन बसल्या. त्यांना रडू येत होतं. त्यांनी ते येऊ दिलं.

"जमलं ना? मग रडतेस कशाला?" ताई म्हणाली.

"ताई, माझा पाय उशिरा नव्हता पडला."

"कधी?"

"त्या दिवशी. वेळेवर पडला होता. पण मी ब्रेक असा दाबून धरला की चाकं जाग्यावर बंद झाली. बंद चाकं ओल्या रस्त्यावर वळत नाहीत, नुसती घसरतात. मी हे शिकवते गं. तिसऱ्या आठवड्यात शिकवते, ओल्या रस्त्याचा धडा. आणि त्या मुलीने स्टेअरिंग पूर्ण फिरवलं होतं. मी पाय उचलला असता तर गाडी वळली असती."

ताईने चाचपत बाईंचा हात धरला. "म्हणजे चूक तुझीच."

"माझीच," बाई म्हणाल्या. आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांना मोकळा श्वास आला. वय झालं याला काही उपाय नव्हता, चुकीला होता.

त्या तशाच उठल्या. ताईला घरी सोडलं आणि ओली बोट काखेत घेऊन दवाखान्यात गेल्या. नर्स फेरीला निघतच होती, खांद्याला पिशवी, पायात चालायचे बूट. बाईंना बघून ती ओशाळली. "बाई, मी येणारच होते भेटायला. तोंड दाखवायची लाज वाटत होती. माझ्यामुळे तुमचं नाव गेलं."

"ऐक आधी," बाई म्हणाल्या, आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चाकं कशी बंद झाली, ती कोणी बंद केली, कोणी काय करायला हवं होतं. काही गाळलं नाही.

नर्सचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग लाल. "पाच महिने," ती म्हणाली. "पाच महिने मी रोज ते वळण घेतेय, डोक्यात. रोज वाटतं, अजून थोडं फिरवायला हवं होतं. स्टेअरिंग बघितलं की घाम फुटतो मला. आणि तुम्ही हे आज सांगताय?"

"आज कळलं."

"एका खेळण्यावरून."

"हो."

"मला फेरीला उशीर होतोय," नर्स म्हणाली आणि निघून गेली. बाईंनी तिला अडवलं नाही. रागावण्याचा तिला पूर्ण हक्क होता. ती जात असताना त्या मागून एवढंच म्हणाल्या, "रविवारी सात वाजता मी तळ्यावर आहे."

रविवार उजाडला तो आदल्या रात्रीच्या पावसाने ओला. दहा वाजता गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार होतं. बाईंनी बाटल्या सोडल्या, बोट सोडली आणि मोजायला सुरुवात केली. एक आठ. दोन. चौथ्याला बोट काठापासून वीतभर अंतरावरून गेली, पण चाप सुटला नाही. बाकावर ताई कान देऊन बसली होती आणि दर वळणाला पुटपुटत होती, "चालू आहे, चालू आहे." सातव्या आठाला बागेचं फाटक वाजलं. बाईंनी मान वळवली नाही. आठ. नऊ. दहाव्याचं शेवटचं वळण घेऊन बोट काठाशी येऊन थांबली तेव्हा नर्स शेजारी उभी होती.

"अजून राग आहे," नर्स म्हणाली.

"असू दे. हे धर." बाईंनी रिमोट तिच्या हातात दिला. "वळताना कमी करायचं. सोडायचं नाही."

नर्सने चाप ओढला. बोट सुसाट निघाली, बाटली आली, काठ आला. बाईंचा पाय उचलला गेला आणि हवेतच राहिला. त्यांनी तो सावकाश खाली ठेवला. बोट वळली, जराशी वेडीवाकडी, पण वळली. नर्सने ती आणखी दोनदा वळवली आणि रिमोट परत दिला.

"तुमची गाडी आहे ना अजून?" तिने विचारलं.

"दहा वाजेपर्यंत आहे."

घरी येऊन दोघींनी गाडीवरचं आच्छादन काढलं. बाईंनी पुढेमागे शिकाऊचे बोर्ड लावले. टायर, आरसे, दोन्ही ब्रेक तपासले. ताई दारात उभी होती. तिला बाई म्हणाल्या, "तो न्यायला आला तर सांग, गाडी कामावर गेलीय."

"आणि परत कधी येणार म्हणून सांगू?"

"परत येईल, पण विकायला नाही, म्हणून सांग."

नर्स स्टेअरिंगवर बसली, बाई शेजारी. बाईंचे हातपाय गारच होते, खोटं कशाला सांगा. पण त्या बसल्या होत्या आणि गाडी चालली होती. मग उतार आला, ओला, चकाकता, आणि खाली ते वळण. दगडी भिंतीवर ओरखडा अजून दिसत होता.

"बाई," नर्स म्हणाली.

"आत्ताच कमी कर. हळू. आता पाय उचल आणि फिरव."

बाईंचा पाय ब्रेकच्या वर होता, बोटभर अंतरावर. भिंत समोर आली, मोठी झाली, आणि मग बाजूला सरकायला लागली. ती खिडकीतून मागे गेली. गाडी सरळ रस्त्याला लागली तरी नर्स बराच वेळ समोरच बघत होती.

"तुम्ही ब्रेक दाबलात ना?" तिने शेवटी विचारलं.

"नाही."

"थोडासुद्धा?"

"थोडासुद्धा नाही. तूच वळवलीस." बाईंनी पाय मागे घेऊन सीटला टेकवला. "आरशात बघ. पुढच्या चौकात डावीकडे."